भाताच्या वेळापत्रकावर बेतलेली शरदातली भटकंती: भंडारदरा, रतनवाडी आणि कळसूबाईचा परिसर

भर पावसात भंडारदऱ्याला जाणारे पुष्कळ आहेत आणि पावसाच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी होणारी गर्दी तर आता रस्ते अडवण्याइतकी वाढली आहे. त्या मानाने आश्विन-कार्तिकात, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या या पश्चिम टोकाला कमी लोक येतात. वास्तविक याच दिवसांत धरण काठोकाठ भरलेले असते, ओढ्यांना स्वच्छ पाणी असते, पठारांवर फुले असतात आणि महिनोन्महिने ढगात बुडालेली शिखरे पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसू लागतात. वर्षातून एकदाच कुटुंबासह सह्याद्रीत जाणे जमत असेल, तर ते याच काळात जमवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

मात्र या दिवसांत येथील प्रत्येक घर भाताच्या कामात असते. आपल्याला वाट दाखवणारा तरुण, आपल्यासाठी भाकरी थापणारी मावशी आणि ज्यांच्या अंगणात आपण तंबू टाकणार ते शेतकरी, या सर्वांचा दिवस भाताच्या अवस्थेवरून ठरतो. म्हणून सहलीची तारीख ठरवताना सुट्ट्यांच्या यादीआधी खाचरांत काय चालले आहे याची चौकशी करावी. भात निसवले आहे का, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या आहेत का, दाण्यात चीक भरला आहे का, कापणी लागली आहे का, हे तीन प्रश्न गावात फोन करून विचारले, की फुले मिळतील की नाहीत, वाटा निसरड्या असतील की कोरड्या, यजमानांना सवड असेल की नसेल, यांपैकी बहुतेक गोष्टींचा अंदाज त्यातूनच बांधता येतो.

केव्हा जावे

अनंत चतुर्दशीपासून नवरात्राच्या सुरुवातीपर्यंतचा पंधरवडा फुलांचा आहे. भात तेव्हा पोटरीतून बाहेर पडून निसवलेले असते, खाचरांत अजून पाणी असते आणि पावसाच्या सरी अधूनमधून येतच राहतात. कड्यांच्या माथ्यावर आणि उतारांवर सोनकीचा पिवळा रंग पसरतो, ओलसर जागी गुलाबी तेरडा असतो, कातळावरच्या पातळ ओलीत सीतेची आसवे फुलतात आणि बांधालगत कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे डोके काढतात. कारवी बहरण्याचे वर्ष असेल, तर उतारच्या उतार जांभळे होतात. पण कारवी सात वर्षांनी एकदा बहरते, त्यामुळे केवळ तिच्यासाठी येणाऱ्यांनी आपल्याला हव्या असलेल्या डोंगरावर यंदा बहर आहे का, हे आधी विचारून घ्यावे. या पंधरवड्यात सावधगिरीही सर्वांत जास्त लागते, कारण कातळावरचे शेवाळ अजून वाळलेले नसते आणि धुके आले की अर्ध्या तासात वाट दिसेनाशी होते.

दसरा ते कोजागिरी हा मधला टप्पा काहीसा बेभरवशाचा असतो. हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या जातींचे भात पिवळे पडून कापणीला येते, उताराच्या जमिनींवर खुरासणी फुलते आणि दुपारनंतर परतीचा पाऊस विजांसह कोसळू शकतो. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर मानली जाते; पण प्रत्यक्षात काही वर्षी तो त्यानंतरही बराच काळ रेंगाळतो आणि उभे पीक आडवे करतो. या दिवसांत सगळी चाल सकाळी आटोपून दुपारी निवाऱ्याला परत येणे हाच नियम ठेवावा.

कोजागिरीनंतर दिवाळीच्या आगेमागे आणि पुढे त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचे दिवस मला सर्वाधिक आवडतात. पाऊस संपलेला असतो, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, दुपारचे ऊन मात्र कडक असते आणि निमगरव्या व गरव्या, म्हणजे मध्यम व उशिरा तयार होणाऱ्या भातांची कापणी एकेका वाडीत सुरू असते. फुलांचा मोठा बहर ओसरलेला असतो, पण त्याच्या बदल्यात दूरवरचे दिसू लागते. पहिल्यांदाच येणाऱ्यांनी, विशेषतः लहान मुले आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर, हाच काळ निवडावा. दिवाळीच्या सुटीतील शनिवार-रविवार टाळता आले, तर अधिक चांगले.

पोहोचणे आणि मुक्काम

मुंबई आणि नाशिककडून येणाऱ्यांना घोटी सोयीचे आहे. तेथून बारी गाव सुमारे पंचवीस किलोमीटर असून धरणाजवळचे शेंडी गाव त्याच्या थोडे पुढे आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी इगतपुरीला उतरून घोटीमार्गे एसटी किंवा जीप धरावी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने येता येते, आणि वाटेत प्रवरा नदीचे रुंद, उसाने भरलेले खोरे हळूहळू अरुंद होत भातखाचरांत कसे बदलत जाते, तेही पाहायला मिळते. पेट्रोल, औषधे आणि रोख रक्कम यांची व्यवस्था घोटी, अकोले किंवा राजूर येथेच करून घ्यावी, कारण पुढे मोबाईलला सर्वत्र रेंज मिळत नाही आणि मोबाईलवरून पैसे देण्याच्या सोयीवर विसंबून राहता येत नाही.

मुक्कामासाठी शेंडी येथे हॉटेले आहेत आणि ज्यांना गरम पाणी, स्वतंत्र खोली यांची गरज आहे, त्यांनी तेथेच राहावे. ज्यांना साधेपणा चालतो, त्यांनी जलाशयाच्या दुसऱ्या टोकाच्या रतनवाडीत किंवा साम्रद, उडदावणे, पांजरे यांसारख्या गावांत घरगुती मुक्काम करावा. शेतावरचे आयुष्य जवळून दिसते आणि दिलेला पैसा थेट त्या घरात जातो. कापणीच्या दिवसांत न सांगता जाऊन दारात उभे राहणे मात्र योग्य नाही. किमान चार दिवस आधी फोन करून किती माणसे येणार, शाकाहारी किती आणि कोणत्या वेळेला जेवणार, हे सांगावे, आणि जेवणाची वेळ त्यांच्या सोयीवर सोडावी. घरातील सगळी माणसे दिवसभर खाचरात वाकून कापणी करीत असतील, तर दुपारी एक वाजता ताज्या भाकरीचा आग्रह धरणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. दुपारचा डबा सकाळीच बांधून घ्यावा आणि रात्रीचे जेवण निवांत घ्यावे, म्हणजे दोघांचीही सोय होते.

कोणत्या वाटा धराव्यात

ज्यांना डोंगर चढायचा नाही, त्यांच्यासाठी जलाशयाभोवतीचा रस्ताच एक पूर्ण दिवस पुरतो. प्रवरेवरील हे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि त्याची साठवण सुमारे ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट आहे. शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, साम्रद, रतनवाडी अशी गावे घेत पुन्हा शेंडीला येणारा हा फेरा साधारण ४० ते ४५ किलोमीटरचा होतो. सायकलस्वारांनी तो पहाटे सुरू केला, तर ऊन तापण्यापूर्वी मोठा भाग पार पडतो. चारचाकीने जाणाऱ्यांनी दर पाच-सात किलोमीटरवर थांबून अर्धा तास पायी चालावे. गाडीच्या काचेतून हा प्रदेश फारसा कळत नाही. याच भागातील घाटघरच्या कड्यावरून खाली कोकण दिसते. तेथे दुपारच्या उन्हापेक्षा सकाळी दहाच्या आत किंवा सूर्यास्ताच्या तासभर आधी जावे.

धरणाच्या खालच्या बाजूला रंधा धबधबा आहे. धरणातून विसर्ग किती चालू आहे, यावर त्याचे रूप अवलंबून असते, म्हणून तेथे जाण्यापूर्वी शेंडीतच चौकशी करावी आणि कठड्याच्या बाहेर पाऊल टाकू नये. धरणाच्या भिंतीजवळचा छत्रीच्या आकाराचा धबधबाही पाणी सोडलेले असेल तरच दिसतो.

रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर मात्र घाईने पाहण्यासारखे नाही. शिलाहारकालीन मानल्या जाणाऱ्या या मंदिराच्या खांबांवर आणि शिखरावर बारीक कोरीव काम आहे, आणि जवळच्या पुष्करणीत पायऱ्यांच्या आतल्या बाजूला कोनाडे करून त्यांत मूर्ती बसवलेल्या आहेत. सकाळचे तिरके ऊन भिंतींवर पडते, तेव्हा कोरीव काम सर्वांत स्पष्ट दिसते. कोवळ्या मुलांना शिखरावर किंवा खांबांच्या कोनाड्यांत चढवून छायाचित्रे काढणारे पालक अनेकदा दिसतात. हजारेक वर्षे टिकलेल्या दगडाची झीज अशा हौसेने होऊ नये.

रतनगड या मंदिराच्या मागेच आहे. प्रवरेचा उगम याच गडाच्या परिसरातला, त्यामुळे सुरुवातीची वाट नदीच्या लहानशा पात्रातून आणि दाट झाडीतून जाते. शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिड्या आहेत. माथ्यावर निसर्गाने कड्यात पाडलेले आरपार भोक आहे, त्याला नेढे म्हणतात. सप्टेंबरअखेर येथील सोनकीचा बहर प्रसिद्ध आहे, आणि म्हणूनच त्या शनिवार-रविवारी शिड्यांवर रांगा लागतात. सवड असल्यास मधल्या वारी जावे. नेढ्यात वारा फार जोराचा असतो, तेथे लहान मुलांचा हात सोडू नये.

कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे आणि बारी गावातून वर जाणारी वाट ठळक असल्यामुळे चुकण्याची भीती कमी आहे. अवघड टप्प्यांवर शिड्या आणि कठडे आहेत. रोज चालण्याची सवय असलेल्या माणसाला वर पोहोचायला तीन ते चार तास लागतात. नवरात्रात माथ्यावरच्या देवीच्या दर्शनासाठी आसपासच्या गावांतून मोठ्या संख्येने लोक येतात. त्या नऊ दिवसांत जायचे असेल, तर ती यात्रा आहे हे ध्यानात ठेवून भाविकांना वाट द्यावी. शांतपणे चढायचे असेल, तर कोजागिरीनंतर जावे. निवळलेल्या हवेत माथ्यावरून पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तिन्ही गड एका ओळीत दिसतात, दक्षिणेला जलाशय आणि त्यापलीकडे रतनगड, आणि त्याहूनही दूर हरिश्चंद्रगडाचा विस्तार ओळखता येतो. बरोबर नकाशा ठेवून एकेक डोंगर नावाने ओळखण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. ऑक्टोबरमध्ये उजाडताच चढाईला लागून दुपारी एकच्या सुमारास शिड्यांच्या खाली उतरलेले असावे. विजांचा कडकडाट ऐकू आला आणि आपण त्या वेळी लोखंडी शिडीवर किंवा कठडा धरून उभे आहोत, यासारखी धोक्याची स्थिती दुसरी नाही.

हरिश्चंद्रगडासाठी या बाजूने पाचनई हे पायथ्याचे गाव आहे, आणि उपलब्ध वाटांत ही सर्वांत सोपी. दोन ते अडीच तासांत मंदिरापाशी पोहोचता येते. केदारेश्वराच्या गुहेत भल्या मोठ्या शिवलिंगाभोवती थंडगार पाणी साठलेले असते आणि चार खांबांपैकी एकच खांब शाबूत आहे. पुढे कोकणकड्यावर गेल्यावर दरीत ढग साठलेले असतील आणि पाठीमागून सकाळचे ऊन येत असेल, तर समोरच्या ढगावर आपलीच सावली आणि तिच्याभोवती रंगांचे पूर्ण वर्तुळ दिसू शकते. यालाच इंद्रवज्र म्हणतात आणि एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केलेली आहे. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्य पूर्वेला असतानाच, म्हणजे सकाळीच, हे शक्य होते. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला दरीत ढग आणि वर ऊन असा योग जुळण्याची शक्यता अधिक असते. कड्याच्या काठापासून दूर बसावे; पुढे झुकून पाहायचेच असेल, तर पोटावर झोपून आणि मागे कोणीतरी पाय धरून असताना पाहावे.

सांदण दरीबद्दल स्पष्टपणे सांगायला हवे. साम्रदजवळच्या या अरुंद घळीत जाण्याची हौस अनेकांना असते, पण ऑक्टोबरमध्ये तिच्यातील डोहांत भरपूर पाणी असते आणि वरच्या भागात पाऊस पडला, तर घळीत एकदम लोंढा येऊ शकतो. साम्रदचे वाटाडे नको म्हणाले, तर तो निर्णय अंतिम समजावा आणि दरीच्या तोंडापाशी जाऊन परत यावे. पूर्ण दरी पार करायची असेल, तर थंडी स्थिरावल्यावर पुन्हा यावे.

कापणीच्या खाचरात

या दिवसांतले सर्वांत मोठे आकर्षण माझ्या मते कुठल्याही शिखरावर नसून रस्त्याच्या कडेच्या खाचरात आहे. घरगुती मुक्काम केलेला असेल आणि यजमानांची हरकत नसेल, तर एक सकाळ त्यांच्याबरोबर कापणीत घालवावी. शेत पाहून परतणे आणि शेतात दोन तास वाकून काम करणे यांत मोठा फरक आहे. शहरातल्या मुलांना ताटातल्या भाताची किंमत समजावून सांगण्याची त्यानंतर गरज राहत नाही.

कापणी करताना डाव्या हाताने भाताच्या रोपांचा चूड, म्हणजे जुडगा, बुंध्याकडे घट्ट धरायचा, अंगठा वरच्या बाजूला ठेवायचा आणि विळा जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा लावून आपल्याकडे ओढायचा. विळ्याचे दात ओढतानाच कापतात. कुऱ्हाडीसारखा घाव घालू गेले, की लोंब्या झडतात आणि विळा नडगीवर येतो. पायात पूर्ण बंद बूट असावेत. कापलेल्या मुठी एकावर एक चढत नाहीत अशा बेताने, लोंब्या एकाच दिशेला ठेवून, खाचरातच आडव्या पसरतात. एक-दोन दिवसांच्या उन्हात वाळल्यावर त्यांचे भारे बांधून खळ्यावर नेतात आणि फळीवर किंवा दगडावर झोडून दाणा वेगळा करतात. आता पुष्कळ ठिकाणी यंत्राने मळणी होते, पण लहान आणि उताराच्या खाचरांपर्यंत यंत्र पोहोचत नाही, त्यामुळे हाताची झोडणी अजून पाहायला मिळते. भिजलेले भात पसरून ठेवले तर खराब होते, म्हणून दव सुकेपर्यंत अनेकदा काम सुरू होत नाही. यजमान सकाळी अंगणात बसलेले दिसले, तरी ते रिकामे आहेत असे समजू नये.

खळे शेणाने सारवून तयार केलेले असते, आणि धान्याची ती जागा पवित्र मानली जाते; तेथे चप्पल-बूट काढूनच जावे. बांधावरून चालताना एकामागे एक चालावे, कारण बांध खचला की पुढच्या पावसात खाचरातले पाणी टिकत नाही आणि तो पुन्हा घालायला शेतकऱ्याचा दिवस जातो. उभ्या पिकात शिरून छायाचित्र काढणे हे थेट नुकसान आहे. माणसांची छायाचित्रे विचारूनच काढावीत, आणि घामाने निथळत असलेल्या बाईला हसायला सांगू नये.

आश्विन वद्य द्वादशीला, ज्या दिवशी इतरत्र वसुबारस असते, येथील महादेव कोळी आणि ठाकर समाजात वाघबारस पाळतात. गुराखी आणि गावकरी वाघोबाच्या ठिकाणी जमून पूजा करतात आणि गुराढोरांचे रक्षण कर, अशी विनवणी करतात. त्या दिवशी गावात असाल आणि बोलावणे आले, तर अवश्य जावे, नारळ बरोबर न्यावा, आणि मागच्या रांगेत उभे राहावे.

जेवणात काय मागावे

जे त्या आठवड्यात शेतात आहे, तेच मागावे. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, हुलग्याचे शेंगोळे, वेलावरून नुकत्या काढलेल्या घेवड्याच्या किंवा वालाच्या शेंगांची भाजी, भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणि पिकून पिवळी झालेली गावठी काकडी, हे सर्व शरदातले खाणे आहे. हुरड्याची विचारणा मात्र दिवाळीत करू नये. तो रब्बीच्या ज्वारीचा असतो आणि त्यासाठी थंडीतच, तेही पूर्वेकडच्या ज्वारीच्या पट्ट्यात जावे लागते. गावठी बियाणांविषयी आस्था असणाऱ्यांनी हेही ठाऊक करून घ्यावे, की २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या बीजमाता राहीबाई पोपेरे याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या आहेत, आणि भाताच्या व घेवडा-वालाच्या अनेक देशी जाती जपून त्यांनी हा विषय घराघरांत नेला. जेवताना पानातली शेंग कोणत्या जातीची आहे, असे मावशींना विचारून पाहावे. पुढचा अर्धा तास ऐकण्यासारखे काहीतरी हमखास मिळते. राजूरचा आठवडे बाजार आणि तेथील पेढे यांसाठी वाट थोडी वाकडी करायला हरकत नाही. बाजाराचा वार आधी विचारून घ्यावा.

रात्रीचे आकाश

कोजागिरीला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, म्हणून पाण्यावर त्याचे प्रतिबिंब पाहायचे असेल, तर जलाशय आपल्या पूर्वेला येईल अशा काठावर, म्हणजे रतनवाडीच्या बाजूला, सायंकाळीच जाऊन बसावे. शेंडीच्या बाजूने सूर्यास्त चांगला दिसतो. आटवलेले मसाला दूध थर्मासमध्ये भरून न्यावे आणि काठावर चूल पेटवू नये. हा बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून त्याला अभयारण्याचा दर्जा आहे, आणि तेथे आग पेटवण्यास मनाई आहे. त्याच कारणाने दिवाळीचे फटाकेही घरीच ठेवावेत.

तारे पाहण्यासाठी मात्र दिवाळीची अमावास्या आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे चार-पाच दिवस निवडावेत. अंधार पडल्यावर नैर्ऋत्येपासून डोक्यावरून ईशान्येकडे गेलेला आकाशगंगेचा पट्टा दिसतो, पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर येत असतो, आणि रात्री नऊच्या सुमारास देवयानी तारकासमूहातली दीर्घिका डोक्याजवळ येते. काळोखाला डोळे सरावल्यावर ती नुसत्या डोळ्यांनी पुसट ठिपक्यासारखी दिसते; तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. डोळे सरावायला वीस मिनिटे तरी द्यावीत आणि तेवढ्या वेळात कोणीही मोबाईल उघडू नये. विजेरीला लाल कागद गुंडाळला, तर उजेडाचा त्रास कमी होतो.

काय जपावे

सामानाची यादी लांबवण्याचे कारण नाही, पण दोन-तीन वस्तू या ऋतूच्या खास आहेत. ऑक्टोबरपासून गवत पिकते आणि त्याची कुसळे मोज्यांत व कपड्यांत घुसून टोचत राहतात, म्हणून गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट घालावी. लोकरी मोजे तर मुळीच नकोत. रानातल्या वेलीवर मखमली लव असलेल्या तपकिरी शेंगा दिसल्या, तर त्या खाजकुइलीच्या असू शकतात, त्यांना हात लावू नये. लव अंगाला लागलीच, तर न चोळता चिकटपट्टीने ती ओढून काढावी आणि मगच त्वचा धुवावी. दुपारचे ऊन पाहता माणशी तीन लिटर पाणी, टोपी, आणि पहाटेसाठी एक स्वेटर एवढे पुरेसे होते. परतीच्या पावसाची शक्यता असेपर्यंत रेनकोट बरोबर असू द्यावा.

फुलांच्या दिवसांत कड्यांवर आग्यामोहोळे असतात. धूर, तीव्र अत्तर, आरडाओरडा आणि दगड मारणे यांमुळे माश्या चवताळतात. हल्ला झालाच, तर हात न झाडता, तोंड व डोके कापडाने झाकून शक्य तितक्या लवकर तेथून दूर जावे.

सापांची भीती कापणीच्या दिवसांत खरी असते, कारण धान्यामागे उंदीर आणि उंदरांमागे साप येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. पेंढ्याच्या गंजीत हात घालू नये, मुलांना तिच्यावर उड्या मारू देऊ नयेत, अंधारात विजेरीशिवाय चालू नये आणि सकाळी बूट झटकून घालावेत. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा दोरीने आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी, बांगडी, घड्याळ काढावे, तो अवयव हलणार नाही असा आधार द्यावा, माणसाला चालू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. ते सर्वांत जवळ कोठे उपलब्ध आहे, हे मुक्कामी पोहोचताच यजमानांना विचारून ठेवावे. त्यासाठी दोन मिनिटे लागतात, आणि गरज पडल्यावर हीच माहिती सर्वांत आधी लागते.

जलाशयात पोहू नये. काठ चिखलाचा असतो, पाण्याखालचा उतार एकदम खोल जातो आणि जवळपास जीवरक्षक नसतो. तालुक्यात बिबट्यांचा वावर आहे, विशेषतः खालच्या उसाच्या पट्ट्यात, त्यामुळे तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटे लांब पाठवू नये.

परतताना

निघण्याची वेळ अशी ठेवावी, की अंधार पडण्यापूर्वी आपण मोठ्या रस्त्याला लागलेले असू. कापणीच्या दिवसांत पेंढ्याने भरलेल्या बैलगाड्या दिव्यांशिवाय चाललेल्या असतात, संगमनेरच्या बाजूला गाळप हंगाम सुरू झाला असेल, तर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ असते, आणि आतल्या गावांत डांबरी रस्त्याच्या एका कडेला भात वाळत घातलेले असते. त्या पसरलेल्या भातावरून गाडी नेऊ नये. समोरून वाहन येत असेल, तर थांबून घ्यावे.

तांदूळ विकत घ्यायचा असेल, तर तो थेट यजमानांकडून घ्यावा, आणि बाजारातील दराशी घासाघीस करू नये. दिवाळीत मिळणारा तांदूळ नवा असेल, तर तो शिजवताना जुन्या तांदळापेक्षा कमी पाणी घालावे लागते, नाहीतर भात गिचका होतो. पेजेला, खिरीला आणि भाकरीच्या पिठाला तोच उत्तम. मोकळा भात आवडणाऱ्यांनी यजमानांकडे मागच्या वर्षीचा तांदूळ शिल्लक आहे का, हे विचारावे, किंवा नवा तांदूळ कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, कोरड्या डब्यात घट्ट झाकण लावून उन्हाळ्यापर्यंत ठेवावा.